सातवी ‘ब’चा खड्डा

“संध्याकाळी भाजी कोणची करू?” असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा नरहर खानझोडे सरांनी चष्मा काढला, काळजीनं सदऱ्याला पुसला, परत लावला आणि अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणाले, “तुले काय वाटते?”

रमाबाई हातातलं वांगं तसंच धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्याला काय वाटतं हे या माणसानं कधी विचारलं नव्हतं. त्यांनी वांगं खाली ठेवलं आणि आधी सरांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

“काहून, बरं नाही वाटून राहिलं का तुम्हाले?”

“मी उत्तर देणार नाही, रमा. उत्तर तुझ्याजवळच आहे. मी फक्त वाट दाखवणारा.”

“वाट नका दाखवू, लसूण सोला,” रमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी वांग्याचीच भाजी केली.

या सगळ्याला कारण शंकर नगरातलं ते शिक्षकांचं शिबिर. नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि राजधानीत शिबिरं होतातच, त्याला कोणाचा इलाज नाही. शाळेतून एक शिक्षक पाठवा असा हुकूम आला. प्राचार्या क्षमा मिश्रा मॅडमनी स्टाफरूममध्ये नजर फिरवली, तेव्हा बाकी सगळे खाली बघत होते आणि नरहर सर डबा संपवून वरून पाणी पीत होते. त्यांचीच मान वर होती.

सर शिबिराला गेले ते झोप काढायच्या तयारीनं, शेवटची खुर्ची पकडून. पण शिकवायला आलेला अनिमेष नावाचा दाढीवाला पोरगा वस्ताद निघाला. तो थेट शेवटच्या खुर्चीपाशी आला आणि म्हणाला, “सर, आपके किसी बच्चे ने आपसे आखिरी सवाल कब पूछा था?”

सरांनी खूप आठवून पाहिलं. सातवी ‘ब’ला ते भूगोल शिकवत, म्हणजे नोट्स सांगत आणि पोरं लिहून घेत. शेवटचा प्रश्न आठवला तो असा होता: “सर, पाणी प्यायला जाऊ?” त्याच्या आधीचा? तोही तोच होता. आणि हे आठवल्यावर का कोण जाणे, त्या माणसाची झोपच उडाली. तसे ते मनानं वाईट नव्हते. पोरं गप्प बसतात म्हणजे त्यांना समजतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

शिवाय नोट्सचंही काही खरं राहिलं नव्हतं. मध्य प्रदेशचा भूगोल सरांनी जन्मभर घोटलेला. राज्याचे दोन तुकडे झाले त्या दिवशी नर्मदा गेली, धूपगड गेला, भोपाळ परकं झालं. सगळ्यात उंच शिखर, सगळ्यात लांब नदी, राजधानी, सगळं खोडून परत लिहायचं. घर तेच, पत्ता तोच, आणि माणूस एका रात्रीत चुकीचा भूगोल शिकवणारा ठरला. लोकांनी फटाके फोडले, सरांनी खोडरबर आणलं.

तर अनिमेषनं सांगितलं ते इतकंच. मुलांना उत्तर देऊ नका. मुलांनी प्रश्न निवडावा, मुलांनीच शोधावं, आपण विचारायचं, ‘तुम्हें क्या लगता है?’ नरहर सरांना हे पटलं आणि नुसतं पटलं नाही, तर नवं बनियन घातल्यासारखं अंगाला बसलं.

सोमवारी ते सातवी ‘ब’त गेले, खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “आज मैं नहीं बोलूँगा. आप लोग सवाल पूछो.” पोरं एकमेकांकडे पाहू लागली. हा काहीतरी सापळा आहे, याबद्दल एकमत होतं. शेवटी पहिल्या बाकावरची राधिका उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, आवाज खणखणीत, वकिलाच्या घरातली मुलगी.

“सर, यह पेपर में आएगा क्या?”

“नहीं.”

“फिर आपकी तबीयत ठीक है?”

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. स्वतःला सावरायला बाहेर पाहणं बरं असतं. तिथे शाळेच्या फाटकासमोरचा खड्डा होता. खड्डा म्हणजे रस्त्याला आडवी मोठी चारी, वर दोन फळ्या टाकलेल्या, त्यावरून शाळा ये-जा करायची. सरांच्या नजरेमागे स्वानंद ढोक नावाच्या गुबगुबीत पोराचीही नजर गेली आणि त्यानं हात वर न करताच विचारलं, “सर, ये गड्ढा भरते हैं, फिर खोदते हैं, फिर भरते हैं. क्यों?”

उत्तर सरांच्या जिभेच्या टोकावर होतं. ‘शहर का विकास हो रहा है, बैठ जाओ.’ पण त्यांनी ते गिळलं. सवय नसलेल्या माणसाला उत्तर गिळणं फार जड जातं, त्यांना ठसकाच लागला. मग पाणी पिऊन म्हणाले, “तुम्हें क्या लगता है?”

आणि काय सांगू महाराज, वर्ग फुटला! एक म्हणाला खाली सोनं आहे. दुसरी म्हणाली मंत्र्यांच्या बंगल्यापर्यंत भुयार चाललंय. तिसरा म्हणाला, पहिल्या वेळी खोदताना कोणाची तरी चप्पल आत राहिली असणार. राधिका म्हणाली, असं बोलून काही होणार नाही, विचारावं लागेल. तासाची घंटा झाली तरी पोरं उठेनात. पुढचा तास संस्कृतचा होता, त्या गुरुजींना दारात उभं राहून खोकावं लागलं. नरहर सर स्टाफरूममध्ये आले तेव्हा त्यांचे कान गरम झाले होते. असं त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच झालं.

त्यानंतर ते घरून लवकर निघू लागले. न्हाणीघरातून गाणं ऐकू येऊ लागलं. रमाबाईंनी दोन दिवस ऐकलं आणि मग शेजारी बाबारावांकडे चौकशी केली, की शाळेत कोणी नवीन बाई तर लागली नाही ना.

बाबाराव कोण, हे चौबे कॉलोनीत कोणाला सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगतो. अकोल्याकडचे, रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, आणि आता शाळेच्या समितीवर. कॉलोनीत कोणाकडे कुठलंही काम निघालं, की कामाच्या आधी बाबारावांचा सल्ला निघे. ते रात्रीचं जेवण आटोपून सरांच्या ओट्यावर आले.

“नरहरराव, मी ऐकलं ते खरं आहे का? पोट्ट्याईले प्रश्न विचारायले शिकवून राहिले म्हणे तुम्ही?”

“हव. त्यांनी स्वतः विचार केला पाहिजे.”

“करतीन ना विचार! पण त्याचा त्रास कोणाले? काल माझ्या नातवानं मले विचारलं, आजोबा, तुम्ही दिवसभर काय करता? आता काय सांगू मी त्याले?”

“मग काय सांगितलं?”

“काय सांगतो! बाहेर आलो, अन् दिवसभर तेच विचार करून राहिलो.” बाबाराव खरोखरच दुखावले होते. “तुमच्या वर्गातलाच आहे कोणीतरी त्याचा दोस्त. हे बंद करा बावा.”

बंद कसलं होतं! सातवी ‘ब’नं टोळ्या केल्या. एका टोळीनं खड्डा मापला. दुसरीनं कॉलोनीतल्या घरोघरी विचारलं, खड्डा केव्हा केव्हा खोदला. (घरोघरी वेगळं उत्तर आलं आणि दोन घरांत त्यावरून नवराबायकोत भांडण लागलं.) खोदकामाच्या मुकादमांना विचारलं, तेव्हा एकजण म्हणाला, पाण्याच्या ऑफिसातून माणसं आली होती. कुठलं ऑफिस? तर ते त्याला माहीत नव्हतं.

इथे खरी पंचाईत झाली. राजधानी झाल्यापासून शहरात पाणी कमी आणि पाण्याची ऑफिसं जास्त झाली होती. आणि एकही ऑफिस ऑफिसासारख्या इमारतीत नव्हतं. जिथे जागा मिळेल तिथे बिऱ्हाड. एक कोणाच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये, एक लग्नाच्या हॉलमध्ये, तिथे साहेबाच्या टेबलामागे अजून ‘शुभ विवाह’ लिहिलेलं. तिसरं समता कॉलोनीत एका घराच्या वरच्या मजल्यावर, आणि खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना. पाटी अर्थातच दवाखान्याची.

नरहर सर रविवारी पोरांना तिथे घेऊन गेले, म्हणजे खरं तर पोरं सरांना घेऊन गेली. सर स्कूटर लावत होते, तेवढ्या वेळात स्वानंद पुढे पळाला आणि खालच्याच मजल्यावर रांगेत बसला. ‘तुम्हाला काय झालंय’ असं कंपाउंडरनं विचारल्यावर तो म्हणाला, ‘गड्ढे के बारे में पूछना है.’ डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. त्यात त्याची एक दुधाची दाढ हलत होतीच. सर जिना चढून, ऑफिस बंद असल्याची खात्री करून खाली आले, तेव्हा स्वानंद गालावर कापूस धरून बाहेर उभा होता.

त्या संध्याकाळी स्वानंदची आई विनोदिनीबाई सरांच्या दारात. बाई मोठ्या तडफदार, कॉलोनीच्या हळदीकुंकवापासून गणपतीपर्यंत सगळं त्यांच्या आवाजावर चालायचं.

“सर, दिवाळी होऊन गेली, पोट्ट्याच्या वहीत एक ओळ नाही! परीक्षेत काय खड्डा लिहीन का तो? अन् आता भूगोल शिकायले गेला तं दात काढून आला!”

“विनोदिनीताई, दात हलतच होता.”

“हलत होता तं आमच्या घरी हलत होता!”

‘तुम्हाले काय वाटते’ म्हणायची सरांची मात्र हिंमत झाली नाही. आतून रमाबाई चहा घेऊन आल्या आणि स्वानंदला म्हणाल्या, “दुखते का रे बाळा?” तेव्हा तो कापसाच्या बाजूनं जो बोलत सुटला, ते विनोदिनीबाई बघतच राहिल्या. पाण्याची ऑफिसं कुठे कुठे आहेत, खड्डा किती खोल आहे, कोण काय म्हणालं. हा पोरगा घरी ‘हाँ’ आणि ‘ना’च्या पलीकडे बोलत नव्हता. विनोदिनीबाई चहा पिऊन गेल्या. मात्र जाताना म्हणाल्या, “वहीत काहीतरी लिहवून द्या बरं.”

पुढच्या आठवड्यात पोरांनी तिन्ही ऑफिसं गाठली आणि शोध लागला. तो असा, की खड्डा शाळेसाठीच खोदला होता.

पहिल्या ऑफिसनं शाळेला नळ द्यायला खोदलं, पाइप टाकला आणि बुजवलं. दुसऱ्या ऑफिसनं शाळेला नळ द्यायला खोदलं, आत हा आपल्या कागदावर नसलेला पाइप सापडला, तो काढून नेला आणि बुजवलं. तिसऱ्या ऑफिसनं शाळेला नळ द्यायला खोदलं, आणि पाइप यायचा आहे म्हणून तसंच ठेवलं. नळ अर्थात कोणीच दिला नाही. सातवी ‘ब’ घरून बाटल्या आणत होती. राधिकानं वर्गात हे सगळं फळ्यावर मांडलं आणि शेवटी म्हणाली, “तीनों जगह एक ही सर ने अर्जी दी थी. तीनों जगह बताया, नीली स्कूटर पर आए थे.”

वर्गानं खिडकीबाहेर पाहिलं. निंबाच्या सावलीत सरांची निळी स्कूटर उभी होती. मग सगळी पोरं सभ्यपणे आपापल्या बाकाकडे बघू लागली.

नरहर सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. उन्हाळ्यातलं सगळं डोळ्यांपुढे आलं. मॅडमनी शाळेला नळ हवा म्हणून अर्ज करायला सांगितलं. नवं राज्य, कोणत्या ऑफिसात सही होते ते कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा बाबारावांनी समितीच्या बैठकीत सल्ला दिला, “अर्ज सगळीकडे टाकून द्या. कुठे ना कुठे तं लागीनच.” आपल्या लोकांची ही रीतच आहे. पोराच्या कॉलेजचा फॉर्म चार ठिकाणी, मुलीचं स्थळ पाच ठिकाणी, अर्ज मिळेल तिथे. आणि भर उन्हात, डोक्याला रुमाल बांधून, तिन्ही ठिकाणी ते अर्ज पोचवले कोणी? तर सरांनीच. कुठेच लागणार नाही म्हणून सगळीकडे टाकला, आणि सगळीकडे लागला. हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि नळ आलाच नाही म्हणून सर ते अर्ज विसरूनही गेले होते.

याच सुमाराला तपासणी आली. शिक्षण खात्याचे मोठे साहेब ‘प्रश्न विचारणारा वर्ग’ बघायला येणार. क्षमा मॅडमनी सरांना बोलावून घेतलं. मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांना गोंधळाची भीती वाटायची आणि गेले काही महिने सातवी ‘ब’तून नुसता गोंधळच येत होता.

“सर, जिज्ञासा चाहिए, लेकिन शोर नहीं चाहिए. और गड्ढे का नाम कोई नहीं लेगा. साहब क्या सोचेंगे, स्कूल ने खुद तीन बार सड़क खुदवाई!”

“और अगर किसी बच्चे ने पूछ लिया तो?”

“तो सातवीं ‘ब’ तिवारी सर को. आप भंडार सँभालिए.”

भांडार म्हणजे शाळेची अडगळीची खोली. फुटके ग्लोब, वाळवीनं खाल्लेले नकाशे, मागच्या वर्षीच्या कुंड्या. वर्षभरापूर्वी हे ऐकून सरांना आनंदच झाला असता. पंखा आहे, पोरं नाहीत. पण आता त्यांची गोष्ट वेगळी होती. आयुष्यात पहिल्यांदा शाळेत जावंसं वाटत होतं. आपण काही न बोलता पोरं बोलतात, हे ऐकायला त्यांचा जीव आतुर व्हायचा. ते तिवारी सरांना देऊन टाकायचं? तिवारी सर गाइड उघडून ‘पेज बावन’ म्हणतात आणि खुर्चीत डोळे मिटतात. नाही, ते सरांना सहन होण्यातलं नव्हतं.

आणि म्हणून, भीतीनं माणूस काय करेल सांगता येत नाही, सरांनी तेच केलं जे त्यांना उत्तम येत होतं. ते वर्गात गेले आणि म्हणाले, “लिखो.”

उत्स्फूर्त प्रश्न त्यांनी हजेरीच्या क्रमानं वाटून दिले. प्रत्येकाला एक. प्रत्येकानं पाठ करून यायचं. सुरुवात सगळ्यांची एकच: ‘मेरे मन में एक जिज्ञासा उठी है.’ राधिकानं थोडं लिहिलं, मग पेन खाली ठेवलं.

“सर, सवाल तो हमको पूछना है. फिर आप क्यों लिखा रहे हैं?”

“लिखो, राधिका,” सर म्हणाले. तिच्याकडे बघायची मात्र त्यांची छाती झाली नाही.

कॉलोनीत बातमी फुटली. विनोदिनीबाईंनी आपल्या व्हरांड्यात लगोलग शिकवणी काढली आणि बाहेर पाटी लावली: ‘यहाँ जिज्ञासा का अभ्यास कराया जाता है’. संध्याकाळी तिकडून गेलं की पोरं एका सुरात जिज्ञासा म्हणताना ऐकू यायची, पूर्वी पाढे म्हणायची तशी. बाबारावांनाही बरं वाटलं. “आता कसं शिस्तीत आलं,” ते म्हणाले. घरी मात्र सरांना वांग्याची भाजी गोड लागेना. रमाबाईंनी विचारलं, “गाणं काहून बंद झालं तुमचं?” तर ते नुसतेच मीठ मागून मोकळे झाले.

तपासणीचा दिवस उजाडला. साहेबांची जीप खड्ड्यापर्यंत आली आणि थांबली. साहेब देहानं भरभक्कम, फळ्या जुन्या. एक फळी तेवढ्यापुरती बाजूला सरकली आणि साहेबांचा उजवा पाय चिखलात घोट्यापर्यंत गेला. क्षमा मॅडम हातात गुच्छ घेऊन उभ्या होत्या, तो त्यांच्या हातात तसाच राहिला. साहेब, एक बूट कोरडा आणि एक पचपच वाजणारा, असे थेट सातवी ‘ब’त आले आणि खुर्चीवर बसले.

“शुरू कीजिए.”

पहिला उठला. “सर, मेरे मन में एक जिज्ञासा उठी है. पृथ्वी अपनी धुरी पर झुकी हुई क्यों है?”

दुसरी उठली. तिच्याही मनात जिज्ञासा उठली होती, मान्सूनबद्दल. मग चौथा उठला, कारण तिसरा गोवर निघाल्यामुळे आला नव्हता, आणि त्यानं घाबरून तिसऱ्याची जिज्ञासा म्हटली. पाचवीनं चौथ्याची म्हटली. सहावा रडायच्या बेतात आला. तेवढ्यात विनोदिनीबाईंच्या शिकवणीतल्या दोघांनी एकाच वेळी, एकाच सुरात, पृथ्वीच्या झुकण्याबद्दलच परत विचारलं.

साहेबांनी मोठी जांभई दिली. मग खाली वाकले, ओला बूट काढला, मोजा पिळला आणि वैतागून विचारलं, “यह सब छोड़ो. यह बताओ, बाहर का गड्ढा किसने खोदा?”

मग पहिला बाक करकरला आणि राधिका उभी राहिली. तिचा क्रमांक अजून यायचा होता.

“सर, आपको क्या लगता है?”

साहेबांच्या हातातला मोजा हातातच राहिला. त्यांना त्यांच्या नोकरीत हे कोणी विचारलं नसावं. “मुझे?” ते म्हणाले. “मुझे लगता है… ठेकेदार ने?”

“कौन से ठेकेदार ने, सर? तीन बार खुदा है.”

“तीन बार?” साहेब पुढे सरकले. “क्यों?”

“सर, हमको पता है,” राधिका म्हणाली आणि थांबली. तिनं नरहर सरांकडे पाहिलं. “सर, बता दें?”

साहेबांच्या मागे क्षमा मॅडमनी मान अशी जोरात हलवली की अंबाड्यातलं फूल खाली पडलं. नरहर सरांच्या घशाशी ते जुनं वाक्य आलं, ‘साहब, शहर का विकास हो रहा है.’ एवढं म्हटलं की झालं. साहेब मोजा घालून निघून जाणार, वर्ग आपल्याकडे राहणार. पण कुठला वर्ग? जिज्ञासा पाठ म्हणणारा? राधिका अजून त्यांच्याकडेच बघत होती. रागानं नाही. खरंच विचारत होती. सर तिच्यासाठी म्हणून बोलले, आणि स्वतःच्या आवाजाचं त्यांनाच नवल वाटलं.

“तुम लोग तय करो.”

“साहब, एक मिनट,” राधिकानं साहेबांना सांगितलं. आणि सगळी सातवी ‘ब’ मागच्या बाकांपाशी घोळका करून कुजबुजू लागली. खात्याचे मोठे साहेब एका हातात मोजा धरून वाट बघत बसले. मॅडमनी भिंतीचा आधार घेतला.

मग पोरं जागेवर आली आणि राधिकानं सगळं सांगितलं. तीन अर्ज, तीन ऑफिसं, एक पाइप, निळी स्कूटर. काही लपवलं नाही. “अर्जी हमारे सर ने ही दी थी. गलती किसकी है, इस पर कक्षा में दो मत हैं. आधे लोग कहते हैं सर की, आधे कहते हैं दफ्तरों की.”

“और दाँत वाले डॉक्टर की भी,” स्वानंद म्हणाला.

नरहर सर फळ्यापाशी उभे होते. सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं. बाबारावांचा सल्ला होता, मॅडमचा हुकूम होता, ऊन होतं. एकेक कारण ओठांपर्यंत येऊन गेलं. त्यांनी ओठ मिटून धरले.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि एकदम खो खो हसू लागले. हसता हसता खुर्ची मागे गेली. “अरे भाई, मैं भी भोपाल से आया तो मकान के लिए तीन जगह अर्जी दे दी! तीनों मिल गए. एक में रहता हूँ, दूसरे में कोई और रहता है, और तीसरे की चाबी मेरे पास है, पर वो मकान कहाँ है, मुझे आज तक पता नहीं!” मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, “अब क्या करें?”

“दो अर्जियाँ वापस लेनी पड़ेंगी, सर,” राधिका म्हणाली.

“वापस लेंगे तो फिर खोदेंगे!” मागून कोणीतरी ओरडलं. “नहीं खोदेंगे!” “खोदेंगे, उनका पाइप तो अंदर ही नहीं है!” आणि मग कोण कोणाचं ऐकतो! साहेब स्वतः एका बाकावर जाऊन बसले, एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी, आणि पोरांशी वाद घालू लागले. मॅडमना कोणी खुर्ची दिली ते त्यांना कळलंही नाही.

साहेबांनी जाण्याआधी शेरा लिहिला: ‘कक्षा बहुत शोर करती है. शिक्षक कम बोलते हैं. ऐसा ही रहने दिया जाए.’ मॅडमनी तो वाचला, परत वाचला, आणि गुच्छ नरहर सरांच्या हातात दिला. घरी रमाबाईंना सरांनी शेरा ऐकवला, तेव्हा ‘शिक्षक कम बोलते हैं’पाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “हे कोणत्या सरांबद्दल लिहिलं त्यानं?” पण गुच्छ त्यांनी पितळी तांब्यात घालून बाहेरच्या खोलीत ठेवला. बाबाराव येऊन बघून गेले आणि अर्ज सगळीकडे टाकण्याचा सल्ला मुळात आपलाच होता, हे त्यांनी कॉलोनीभर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सर लवकर निघाले. रात्री त्यांनी मनातल्या मनात छोटंसं भाषण जुळवलं होतं. पोरांना शाबासकी, त्या दिवशीच्या ‘लिखो’बद्दल दोन शब्द, आणि शेवटी विचार करण्याचं महत्त्व. वाक्यं झकास जमली होती.

ते वर्गाच्या दारात आले. कोणी उभं राहिलं नाही. कोणी ‘नमस्ते सर’ म्हणालं नाही. फळ्यावर खड्ड्याचं मोठं चित्र होतं, आणि अर्ज मागे घ्यावेत की नाही यावर दोन तट पडून कडाक्याचं भांडण चाललं होतं. राधिका खडू घेऊन बोलणाऱ्यांची नावं एकाखाली एक लिहीत होती. स्वानंद हातवारे करून काहीतरी पटवत होता. सर दारात उभे राहिले, खाकरले. काही उपयोग झाला नाही. सव्वीस वर्षांत असा अपमान त्यांचा कोणी केला नव्हता, आणि इतकं बरंही त्यांना कधी वाटलं नव्हतं.

ते हळूच आत गेले आणि शेवटच्या बाकावर गोवरवाल्याच्या रिकाम्या जागी बसले. थोडा वेळ ऐकलं. मग त्यांना एक मुद्दा सुचला, खरोखर चांगला मुद्दा, कोणाच्याच लक्षात न आलेला. त्यांनी हात वर केला.

राधिकानं पाहिलं. “हाँ सर, आपका नाम लिख लिया,” ती म्हणाली आणि यादीच्या तळाशी ‘सर’ असं लिहिलं. “आपसे पहले छह लोग हैं.”

“ठीक आहे,” सर म्हणाले, आणि हात खाली घेऊन आपली पाळी येण्याची वाट बघत बसले.